हसण्यापुरती जागा

शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज यायचा आणि मधेच बंद पडायचा. माणसं तावातावाने इंग्रजीत बोलतायत, एक दार धाडकन आपटतं, आणि मग काहीच नाही. चार-पाच सेकंदांनी पुन्हा बोलणं सुरू. असं दीड तास. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या त्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीत इतकी शांतता होती, की कुणाच्या घरी चमचा पडला तरी कळायचं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. कुंपणाशी जाऊन मी हाक मारली, "डेरिक, तुमची डिस्क अडकतेय. प्लेयर साफ करून देऊ का?"

डेरिक टॅपली बाहेर आले. वय एकोणनव्वद, अंगात बाह्या विरलेला स्वेटर, आणि कुठेही जायचं नसताना गळ्यात टाय.

"डिस्क ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तिथे लोक हसतात."

मी त्यांच्या मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं. घरात अर्थातच कुणी नव्हतं.

डेरिक एके काळी इंग्लंडमध्ये विनोदी चित्रपट काढायचे. आधी दिग्दर्शक, आणि पुढे कुणी पैसे लावेना तेव्हा निर्मातेही तेच. हे मला शेजारी राहून सहा वर्षं झाल्यावर कळलं, यात त्यांचा दोष नाही. माझी बायको मेधा राहायला आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची सगळी माहिती काढून आली होती. मला ती सांगतही होती, मी ऐकत नव्हतो. तिने त्यांना 'टॅपलीकाका' करून टाकलं. मी तोंडावर 'डेरिक' म्हणायचो, कारण इथे तसंच म्हणतात. मनात मात्र अहोजाहो सुटलं नाही.

मेधाने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. शेजारी गेलेला डबा मोकळा परत करायचा नाही. डेरिकनी तो नियम इतका मनावर घेतला की मी पोह्यांचा डबा कुंपणावर ठेवला की दुसऱ्या दिवशी तो धुऊन, पुसून, त्यात त्यांच्या झाडाची दोन लिंबं घालून परत यायचा. मेधा वडिलांच्या आजारपणासाठी पुण्याला गेली आणि सीमा बंद झाल्यामुळे तिकडेच अडकली, त्यानंतरही लिंबं येत राहिली. माझ्याकडे इतकी लिंबं साठली की मी एकट्यासाठी लोणचं घातलं. एकट्या माणसाने घातलेलं लोणचं संपता संपत नाही.

मी इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" एवढंच बोलायचं आणि घरी येऊन भिंतीशी बोलायचं, असे ते दिवस होते. हॉस्पिटलातून आलेला माणूस म्हणून मी डेरिकच्या घरात पाऊल टाकत नव्हतो. म्हातारा माणूस, माझ्यामुळे काही व्हायला नको. आमची सगळी मैत्री कुंपणावरून झाली. ते त्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे, मी माझ्या बाजूला पायरीवर. पलीकडे पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या तेवढ्या नेहमीसारख्या चालू असायच्या.

त्यांच्या डोळ्यांना एक विचित्र आजार होता. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. "जगातलं सगळं दिसतं," ते म्हणायचे, "फक्त ज्याच्याकडे बघावं त्याचा चेहरा सोडून." त्यामुळे माझ्याशी बोलताना ते माझ्या डाव्या कानाकडे बघत. सुरुवातीला मी उगाच कान पुसायचो.

हसण्याच्या जागेची गोष्ट त्यांनी त्या डिस्कच्या दिवशीच सांगितली. त्यांचा एक चित्रपट होता, 'तीन पाद्री, एक सायकल'. तीन गावांचे तीन पाद्री, तिघांत मिळून एक सायकल, एवढंच कथानक. त्यातला जाडा पाद्री एका अंत्ययात्रेला उशिरा पोहोचतो. टेकडीवर सायकल लावतो, हॅट काढतो, विधवेसमोर झुकतो. तेवढ्यात मागे सायकल आपोआप उतारावरून निघते आणि शांतपणे सगळ्या शोकाकुल मंडळींच्या समोरून जाते. आणि मंडळी, काय करावं न कळून, तिच्यासाठी हॅट काढतात. मग शवपेटीवाला गंभीरपणे म्हणतो, "घाई त्यांना जन्मभरच होती."

"माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य," डेरिक म्हणाले. "पहिल्या खेळाला ते एकाही माणसाने ऐकलं नाही."

"का?"

"सायकलला हसत होते ना!"

झालं होतं असं, की हशा संपायच्या आतच वाक्य येऊन गेलं. डेरिकचं वय तेव्हा तिशीच्याही आत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक स्टॉपवॉच घेतलं, आणि उत्तरेकडच्या एका गिरणीगावच्या थिएटरात मंगळवारी दुपारी जाऊन बसले. मंगळवार दुपारच का, तर तेव्हा येणारे लोक सगळ्यात कमी हसतात. शेवटची रांग. पडद्याकडे बघायचं नाही, डोळे मिटून फक्त ऐकायचं. हसू सुरू झालं की अंगठा दाबायचा, संपलं की पुन्हा दाबायचा. "आणि हसू संपतं कधी? बहुतेकांचं थांबतं तेव्हा नव्हे. प्रत्येक थिएटरात एक जण असतो, उशिरा हसणारा आणि मग न थांबणारा. त्याचं संपलं की घड्याळ बंद."

त्या वाक्याआधी चार सेकंद कमी पडत होते. पण भरायचं काय? नट पांगले होते, सेट मोडला होता. मग त्यांनी एका दुपारी टेबल मांडलं, किटली ठेवली, आणि अंत्ययात्रेत कुणीतरी चहा ओतत आहे असा नुसता हाताचा शॉट घेतला. हात कुणाचा? तर कुठल्या शॉटमध्ये कपात किती चहा होता याची वही ठेवणारी एक मुलगी युनिटमध्ये होती, मोरीन, तिचा. चहा ओतला जातो, लोक हसून घेतात, मग वाक्य येतं. ते वाक्य पुढे म्हणे त्या गावात म्हणीसारखं वापरलं गेलं. आणि डेरिकनी त्या हाताशी लग्न केलं.

पुढच्या प्रत्येक चित्रपटात जिथे हशा तिथे कुणीतरी चहा ओततंच. समीक्षकांनी लिहिलं की टॅपली हे इंग्रजी जीवनातील चहाचे भाष्यकार आहेत. डेरिकना ते वाचून इतकं हसू आलं की मोरीनने घड्याळ लावलं. ती स्वतः मात्र थिएटरात कधी हसली नाही, आयुष्यभर. ती कपातल्या चहाची पातळी बघत बसायची.

ती जाऊन चार वर्षं झाली होती. मी दुसऱ्या दिवशी कुंपणाशी उभा राहून मुद्दाम ऐकलं. बोलणं, मग शांतता; आणि त्या शांततेत, नीट कान दिला तर, चहा ओतल्याचा बारीक आवाज. मी घरात जाऊन मेधाला फोन लावला. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." मग आम्ही नेहमीप्रमाणे कुठलं विमान रद्द झालं ते बोललो.

इंग्लंडमध्ये असताना मधल्या काळात त्यांना टीव्हीवाल्यांनी बोलावलं होतं. मालिका करायची, आणि हशा डब्यातून लावायचा, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला. डेरिकनी तंत्रज्ञाला विचारलं की ही हसणारी माणसं कोण. तो म्हणाला, माहीत नाही, जुनं रेकॉर्डिंग आहे, बरेचसे आता वारले असतील. डेरिकनी कोट घातला आणि निघाले. त्यानंतर तिकडे त्यांना काम मिळालं नाही. ऑस्ट्रेलियात सहा आठवड्यांच्या एका शूटिंगसाठी आले, तो चित्रपट पडला, आणि नवराबायको इथेच राहिले. हट्टी माणूस. मोरीन म्हणायची, डेरिकला एक वेळ उपाशी ठेवा, पण खोटं हसून दाखवू नका.

बाकीच्या चित्रपटांच्या प्रिंट एका गोदामाबरोबर जळून गेल्या. उरला तो हा एकच. इथल्या जुन्या थिएटरने त्यांच्या एकोणनव्वदाव्या वाढदिवसाला तो दाखवायचं ठरवलं होतं, काचेत पोस्टरही लागलं होतं, आणि नेमका लॉकडाऊन आला. कामावर जाता-येता मला ते पोस्टर दिसायचं. उन्हाने पाद्र्यांचे झगे पिवळे पडत चालले होते.

"मला एकच जाणून घ्यायचंय," एकदा ते म्हणाले. "ते अजून हसवतं का. नसेल हसवत तर नसेल. पण हे माहीत नसताना मरणं मला जमणार नाही. एकट्याला कळत नाही रे. एकटा माणूस स्वतःच्या विनोदाला हसला तर तो वेडा, आणि नाही हसला तर विनोद वाईट."

आता माझ्यातला उत्साही कार्यकर्ता जागा झाला. आमचं मराठी मंडळ लहान, चाळीसेक घरं, वॉलॉंगॉंगपासून क्वेकर्स हिलपर्यंत विखुरलेली. लॉकडाऊनमध्ये आमचे कार्यक्रम ऑनलाइन चालायचे आणि त्यांची सूत्रं माझ्याकडे होती. याला कारण आमची गणपतीची पहिली ऑनलाइन आरती. चाळीस घरांनी चाळीस लयींत आरती म्हटली, कुणाची टाळी कुणाच्या घंटेला लागेना, आणि मधेच एका गृहस्थांनी बायकोला "तुझ्या आईला हे दिसतंय का?" असं विचारलेलं सगळ्यांनी ऐकलं. तेव्हापासून मी नियम केला. आत आला की माणूस म्यूट, आणि मी उघडल्याशिवाय कुणाला स्वतःचा आवाज उघडता येणार नाही. कार्यक्रम इतके शिस्तीत होऊ लागले की अध्यक्ष कुलकर्णीकाकांनी मला 'म्यूटमंत्री' अशी पदवी दिली. ती मी अभिमानाने मिरवत होतो.

एका रविवारी दुपारी तीन वाजता 'तीन पाद्री, एक सायकल' लावायचं ठरलं. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेदहा, म्हणून मेधाही येणार होती. माझा जुना लॅपटॉप मी कुंपणावरून डेरिकना दिला. ते व्हरांड्यात बसले, टाय बदललेला, हातात स्टॉपवॉच. मी माझ्या घरातून, आवाज घुमू नये म्हणून दारं-खिडक्या लावून, चित्रपट चालवला. पडद्यावर चाळीस चौकोन होते. सायकल निघाली आणि मी स्वतः खो-खो हसलो. चौकोनांत कुलकर्णीकाका डोळे पुसताना दिसले. मला कृतकृत्य वाटलं.

चित्रपट संपल्यावर मी कुंपणाशी धावलो. डेरिकनी लॅपटॉप मिटून माझ्याकडे दिला.

"चांगली माणसं आहेत," ते म्हणाले. "पूर्ण बसले. आभार सांग."

आणि आत गेले. घड्याळ टेबलावरच होतं. काटा शून्यावर.

मला वाटलं, भारावले असतील. म्हणजे बघा, किती शहाणा माणूस मी! तासाभराने मेधाचा फोन आला. "अरे, माझं पोट दुखलं हसून. काकांना केवढा आनंद झाला असेल ना? माझा आवाज ओळखला का त्यांनी?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तो अजून तिथेच आहे असं कधीकधी वाटतं. ज्या माणसाला चेहरे दिसत नाहीत, ज्याने जन्मभर डोळे मिटून फक्त हसू ऐकलं, त्याच्यासमोर मी चाळीस घरांना हसवलं आणि सगळ्यांची तोंडं बंद ठेवली. दीड तास त्यांनी ऐकलं ते फक्त चहा ओतलेलं.

मी पुन्हा कुंपणाशी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डाव्या कानाकडे बघत शांतपणे ऐकून घेतलं.

"मी तेवीस वर्षांचा असल्यापासून लोक मला हेच सांगत आलेत," ते म्हणाले. "हसले रे सगळे, तुला ऐकू आलं नसेल. चित्रपट पडला की प्रत्येक जण हेच सांगतो. तू मनाने चांगला आहेस."

"डेरिक, खरंच सांगतो. पुढच्या रविवारी परत लावतो, सगळ्यांचे आवाज चालू ठेवून."

"आता त्यांना तू सांगणार, आवाज ठेवा, म्हातारा ऐकतोय. मग ते हसतील. नको."

दुसऱ्या दिवशी मी उपम्याचा डबा कुंपणावर ठेवला. तो परत आला. धुतलेला, पुसलेला, आणि मोकळा.

त्या मोकळ्या डब्याने मला जेवढं लागलं तेवढं कुणाच्या शिव्यांनी लागलं नसतं. झाडावर लिंबं लगडलेली दिसत होती. पुढचे दहा-बारा दिवस टीव्हीचा आवाजही आला नाही. मी दारात जाऊन हाक मारली की आतून "सगळं ठीक आहे, थँक यू" एवढंच येई. गल्लीत आता खरी शांतता झाली.

मग एका सकाळी माझ्या शिफ्टला एक ट्रॉली आली. घरात पडलेला म्हातारा माणूस, उजव्या खुब्याचा एक्स-रे. मी नाव वाचलं, डेरिक टॅपली. मास्क, चष्मा, गाऊन, मी कुणालाही ओळखू येण्यासारखा नव्हतो, आणि त्यांना तर तसाही नव्हतो.

"हलू नका," मी म्हटलं. "श्वास घ्या. धरून ठेवा."

त्यांनी श्वास धरला. यंत्र वाजलं.

"सोडा."

"थोडं लवकर सोडायला सांगितलंस," ते म्हणाले. आवाज क्षीण होता. "अर्धा सेकंद अजून हवा होता."

मास्कच्या आत मला रडू आलं की हसू, मला सांगता येत नाही. हाड मोडलेलं होतं. मी त्यांना म्हटलं, "डेरिक, रविवारी मी लावणार आहे. मंडळींना कुणासाठी ते सांगणार नाही. मागच्या वेळी आवाज गेला होता, म्हणून परत, एवढंच. तुम्हाला ऐकायचं तर ऐका."

त्यांना न्यायला माणूस आला, ट्रॉली वळली, तेव्हा ते म्हणाले, "माझं घड्याळ घरी राहिलंय."

किल्ली लिंबाच्या कुंडीखाली असते हे मला मेधाने फोनवर सांगितलं. सहा वर्षांत, आणि दीड वर्षाच्या साथीत, मी पहिल्यांदाच त्यांच्या बैठकीत शिरलो. टीव्हीसमोर जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या एका रांगेत मांडल्या होत्या. त्यांच्या मागे आणखी दोन, बागेतल्या. आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, डेरिकची खुर्ची. शेवटची रांग. घड्याळ तिच्यावरच होतं. मी ते उचललं आणि पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसून रडलो, खोटं कशाला सांगू. साथ आल्यापासून मी एकदाही रडलो नव्हतो. मेधा तिकडे राहिली, तिचे वडील गेले, त्यांचं अंत्यदर्शनही मी फोनवरच घेतलं. तेव्हाचं सगळं तिथे निघालं.

रविवारपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. डॉक्टर फारसं काही बोलत नव्हते. वॉर्डात भेटायला कुणाला सोडत नव्हते, पण तो तळमजल्यावर होता आणि डेरिकची खाट खिडकीशी. तिथली नर्स ट्रेसी म्हणाली, "नो वरीज, मी फोन उशीवर ठेवते. तू बाहेरून बघ." म्हणून मी दुपारी तीन वाजता हॉस्पिटलच्या हिरवळीवर उभा होतो, एका हातात फोन, घरी लॅपटॉपवर चित्रपट सोडून आलेला. काचेपलीकडे डेरिक डोळे मिटून पडले होते. पांघरुणावर हात, हातात घड्याळ.

या वेळी मी सगळे आवाज मोकळे सोडले होते. सुरुवातीला नुसता गोंगाट. कुणाचा कुत्रा, कुणाचा मिक्सर, कुलकर्णीकाकांचा "अहो, दिसतंय का तुम्हाला?" मला वाटलं, संपलं, पुन्हा विचका. मग पहिला पाद्री सायकलवरून पडला आणि क्वेकर्स हिलमधून कुणीतरी हसलं. मग दुसरं घर. इंटरनेटमुळे सगळ्यांचं हसू मागेपुढे येत होतं, एकाचं संपतंय तोवर दुसऱ्याचं पोहोचत होतं. काचेआड अंगठा हलला. पुन्हा हलला.

टेकडीवरून सायकल निघाली. चाळीस घरं हसत सुटली. मोरीनच्या हाताने चहा ओतला, पण तो कुणाला ऐकू येतो! चार सेकंद झाले, हशा चालूच. पुण्याहून कुकरची शिटी झाली आणि त्या शिटीच्या मागून एक हसू आलं, उशिरा आलेलं, उचकी लागल्यासारखं, थांबायचं नाव न घेणारं. मेधा. दीड वर्षात मी ते ऐकलं नव्हतं. आमच्या फोनवर हसण्यासारखं काही नसायचंच. शवपेटीवाल्याचं तोंड हललं असणार, पण त्याचं वाक्य एका माणसाला ऐकू आलं नाही.

माझ्या फोनमधून डेरिकचा आवाज आला. "ती बाई कोण? शेवटची?"

"माझी बायको," मी म्हटलं.

"मेधा," ते म्हणाले. "तिला परत आण. आणि ऐक, वाक्य पुन्हा बुडालं. मी जागा कमी ठेवली. इतकी वर्षं झाली, अजूनही कमीच."

मी काचेशी गेलो. त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला, म्हणजे माझ्या डाव्या कानाकडे. ते हसत होते. पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला असावा, कारण फोनमध्ये घरं पुन्हा हसायला लागली. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो हलला नाही. त्यांनी घड्याळ हळूच पांघरुणावर ठेवलं आणि दोन्ही हात पोटावर घेऊन ते नुसते ऐकत पडले.